चढाईपटूचा गुडघा आणि मंडळाची घाई

कबड्डी खेळणाऱ्या मुलाचे आईवडील दवाखान्यात आले की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. खेळू द्यावे की बंद करावे? माझे उत्तर ठरलेले आहे. खुशाल खेळू द्या. सोफ्यावर लोळून मोबाईलवर सामना पाहणाऱ्या मुलापेक्षा मैदानावर गुडघे फोडून घेणारा मुलगा मला केव्हाही जास्त निरोगी वाटतो.

परंतु गेल्या महिन्यात आपल्या एका वाचकाने पत्रातून जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर इतके सोपे नाही. त्यांचा मुलगा मुंबईला असतो, नोकरी सांभाळून एका मंडळाकडून चढाईपटू म्हणून खेळतो. सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला. मंडळातले म्हणतात, पंधरा दिवसांत उभा राहील. तिथला डॉक्टर म्हणतो, एमआरआय करा आणि तोपर्यंत मैदानाकडे फिरकू नका. "आम्ही कोणाचे ऐकावे?" असे या गृहस्थांनी विचारले आहे. पत्राला उत्तर मी लगेच पाठवले. पण हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून आजचा लेख.

माझा दवाखाना लालबागला आहे. येणाऱ्या रुग्णांपैकी निम्मेअधिक कोकणातले. कोणाचे आजोबा गिरणीत होते, कोणाचे वडील गोदीत. या भागात कबड्डी आणि गणपती या दोन गोष्टी कोणाला शिकवाव्या लागत नाहीत. जुन्या पिढीतले लोक अजून या खेळाला हुतुतू म्हणतात आणि बुवा साळवींचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. डिलाईल रोडचा श्रमिक जिमखाना, नायगावचे पुरंदरे स्टेडियम, दादरचे अमर हिंद मंडळ ही नावे आमच्याकडे देवळांसारखी घेतली जातात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक आणले, तेव्हा मी वैद्यकीय महाविद्यालयात होतो. त्या संघात आपल्या मुंबईचा अशोक शिंदे होता. त्या वर्षी परळच्या चाळींमधून जे पेढे वाटले गेले, त्यातले काही आमच्या वसतिगृहापर्यंतही पोहोचले होते.

तेव्हाच्या चढाईपटूची एक गोष्ट आजच्यापेक्षा वेगळी होती, आणि तिचा संबंध आरोग्याशी आहे. तो बहुधा कुठेतरी कायम नोकरीत असे. गिरण्यांचे संघ होते, रेल्वेचे होते, महिंद्रासारख्या कारखान्यांचे होते, बँकांचे होते. खेळाच्या जोरावर लागलेला मुलगा सामना खेळताना जायबंदी झाला, तरी त्याचे नाव मस्टरवर राही. गिरणीतल्या माणसाला राज्य कामगार विमा योजनेचा आधार होता. परळचे महात्मा गांधी रुग्णालय त्याच योजनेचे. तिथे उपचार फुकट आणि आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग घरी येई. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे पुन्हा आत गेलेच नाहीत. संपाबद्दल बोलताना लोक पगार, चाळी, गिरण्यांच्या जमिनी याबद्दल बोलतात. मला त्यात आणखी एक नुकसान दिसते. खेळणाऱ्या पोराच्या पाठीशी असलेली सहा महिने घरी बसण्याची सोय गेली.

आज लालबागमधला बाविशीतला चढाईपटू सकाळी कुठल्यातरी कंपनीचे पार्सल मोटारसायकलवरून पोहोचवतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी पैसे नाहीत. त्याच्यासमोर दोन आशा असतात. एक म्हणजे प्रो कबड्डी. २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली, तिचा पहिला सामना वरळीला झाला, आणि पुढच्याच वर्षी आपला यू मुम्बा संघ जिंकला. दुसरी आशा अधिक खरी आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, आणि तिथवर जायचे तर निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर उभे राहावे लागते. त्या एका दिवसासाठी मुले काय काय करतात ते मी पाहतो.

आता गुडघ्याकडे येऊ. कबड्डीत सात जणांचा संघ असतो, पण सर्वांचे गुडघे सारखे झिजत नाहीत. पकड करणाऱ्याचा खांदा, बोटे, कपाळ धोक्यात असते. चढाईपटूचे काम निराळे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चढाईसाठी मिळतात ३० सेकंद. तेवढ्या वेळात तो एकटा, दम न सोडता, सात जणांच्या अंगणात शिरतो. डावीकडे झुकल्याचे दाखवून उजवीकडे वळतो, पाय लांबवून बोनस घेतो, उडी मारून साखळीवरून परततो. या साऱ्याचा भार एका पायावर येतो. पाय जमिनीत रुतलेला, मांडी एका दिशेला वळलेली आणि शरीर दुसरीकडे निघालेले, अशा क्षणी गुडघ्याच्या आतली एक दोरी तुटते. त्यासाठी कोणी धक्का द्यावाच लागतो असे नाही. घोटा पकडलेला असताना वरून दुसरा अंगावर आला तर ती हमखास धोक्यात येते.

या दोरीला वैद्यकात एसीएल म्हणतात. गुडघ्याच्या मधोमध, मांडीचे हाड आणि नडगी यांना तिरके बांधणारी ही अस्थिबंधनाची पट्टी जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर लांब असते. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा फिरू नये, हे तिचे काम. सरळ चालायला ती नसली तरी बऱ्याच जणांचे भागते. घोटाळा इथेच होतो. तुटल्यावर पहिले काही दिवस खूप दुखते, सूज येते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा चालू लागतो, जिना चढू लागतो, आणि सर्वांना वाटते की बरा झाला. प्रत्यक्षात पूर्ण तुटलेली ही पट्टी पुन्हा आपसूक जुळेल असा भरवसा धरता येत नाही. मैदानावर पहिल्याच वळणाला गुडघा निखळल्यासारखा होतो, मुलगा कोसळतो, आणि त्या वेळी आतली गादी, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चा, चिरडते. पट्टी नवीन बसवता येते. गादी गेली की तिची भरपाई नीट होत नाही, आणि साठीतल्या माणसाचा गुडघा तिशी-पस्तिशीत येतो.

वाचकांनी तीन खुणा लक्षात ठेवाव्यात. वळताना किंवा उडीवरून उतरताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाल्याचे मुलगा सांगतो. तास-दोन तासांत गुडघा फुग्यासारखा सुजतो, कारण आत रक्त साचते. आणि नंतर चालताना "पाय माझा राहत नाही" असे त्याला वाटते. या तीनपैकी दोन गोष्टी असल्या तर तो मुरगळा नाही असेच धरून चालावे आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

आणि एक्स-रे. वाचकहो, या एका गोष्टीवरून जितके घोळ झालेले मी पाहिले तितके दुसऱ्या कशावरून नाहीत. एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोरी दिसत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे" याचा अर्थ हाड मोडलेले नाही इतकाच. अनुभवी डॉक्टर हाताने गुडघा तपासून पुष्कळसे सांगू शकतो, खात्रीसाठी एमआरआय लागतो. पण मंडळाच्या कार्यालयात तो नॉर्मल एक्स-रे दिव्याकडे धरून पाहिला जातो आणि निकाल दिला जातो: काही झालेले नाही, पोराने मनात घेतले आहे.

अशा एका मुलाची हकीकत सांगतो. त्याचे नाव, मंडळाचे नाव येथे देत नाही. वय २२. कोकणातून आलेला, गावकीच्या खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहणारा. उजवा गुडघा टम्म सुजलेला. सोबत त्याचा मामा आणि मंडळाचे एक पदाधिकारी. पोटरी धरून नडगी पुढे ओढून पाहिली, तर ती ड्रॉवरसारखी सरकत होती. मी सांगितले, दोरी तुटली आहे, एमआरआय करा, हा आता काही महिने खेळणार नाही.

पदाधिकारी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शनिवारी सेमीफायनल आहे. एक इंजेक्शन मारा, एवढी मॅच निघू दे. पुढचं आम्ही बघतो."

"पुढचं म्हणजे काय बघता?" मी विचारले.

"आपलाच पोरगा आहे तो."

मामा गप्प. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, रविवारी निवड चाचणीपण आहे."

मी इंजेक्शन दिले नाही. मामाला बाजूला घेऊन समजावले. दुसऱ्या कोणीतरी ते दिले. शनिवारी तो खेळला, तिसऱ्या चढाईला पडला, आणि त्याला उचलून बाहेर आणावे लागले. रविवारची चाचणी राहिलीच. एमआरआय झाला तो तीन महिन्यांनी. तोवर दोरीबरोबर गादीही गेली होती. पालिकेच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि चांगली झाली. पण त्यानंतरचा व्यायाम पाच आठवड्यांत सुटला, कारण घरी पैसे पाठवायचे होते. आज तो २६ वर्षांचा आहे, पार्सल पोहोचवतो. आमच्याकडच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाहीत. संध्याकाळी गुडघा सुजतो, मग तो बर्फाची पिशवी मागायला येतो. मंडळाच्या भिंतीवर त्याचा चढाई करतानाचा मोठा फोटो अजून आहे, आणि फोटो खरोखर सुंदर आहे.

मंडळाचे लोक दुष्ट असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. वर्गणी काढून, पदरमोड करून ते मुले घडवतात. रात्री अकराला सराव संपल्यावर पोरांना अंडी आणि दूध देणारे प्रशिक्षक मला माहीत आहेत. पण सेमीफायनलच्या आधी माणसाची बुद्धी कशी चालते हेही मला माहीत आहे, आणि म्हणून खेळायचे की नाही हा निर्णय मंडळाच्या हाती असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो मुलाच्याही हाती असू नये. बावीस वर्षांच्या चढाईपटूला "खेळशील का?" असे विचारणे हा प्रश्नच नव्हे. तो हो म्हणणार.

ही घाई आपल्याच गल्लीत होते असेही नाही. अमेरिकेत एक खेळ आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळतात. त्यात 'वाईड रिसीव्हर' नावाचा गडी असतो. संघाच्या टोकाला उभे राहायचे, इशारा होताच सुसाट पळायचे, अंगावर येणाऱ्याला हुलकावणी देऊन एकदम वळायचे आणि लांबून फेकलेला चेंडू हवेत झेलायचा. झेलताना नजर आकाशाकडे, आणि त्याच क्षणी शंभर किलोचा गडी येऊन आदळतो. आपल्या चढाईपटूचा हा लांबचा मावसभाऊच म्हणायचा. गुण तोच आणतो, टाळ्या त्यालाच, आणि गुडघाही त्याचाच जातो. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने त्या खेळातली सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास आहे.

यातला सर्वांत मोठा मानला जाणारा गडी म्हणजे जेरी राईस. मिसिसिपी राज्यातल्या एका गवंड्याचा मुलगा. लहानपणी वडिलांच्या कामावर भावंडांनी खालून फेकलेल्या विटा झेलायचा, असे तो सांगतो. सव्वातीन वर्षांच्या त्या खेळात हा माणूस १९८५ ते २००४ असे २० हंगाम खेळला. पण आपल्याला त्याच्या विक्रमांशी कर्तव्य नाही. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याची हीच दोरी तुटली. शस्त्रक्रिया झाली. पैसा, शल्यविशारद, व्यायामतज्ज्ञ कशालाच तोटा नव्हता, आणि हा गडी मेहनतीसाठी प्रसिद्ध. साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला, तो मैदानात उतरला. गुणही मिळवला, लोक वेडे झाले. आणि त्याच सामन्यात त्याच गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. उरलेला हंगाम पुन्हा घरी. पुढे तो बरा होऊन बरीच वर्षे खेळला, पण ज्याच्याजवळ जगातले सर्व उपाय होते त्यालाही गुडघ्याने घाई माफ केली नाही. आमचा पोरगा तर पाच आठवड्यांत कामावर गेला होता.

उलट उदाहरण आपल्याच खेळात आहे. पवन सेहरावत हा चढाईपटू २०२२ साली तमिळ थलैवाज संघाने २ कोटी २६ लाख रुपयांना घेतला. तोवर प्रो कबड्डीत एवढी बोली कोणावर लागली नव्हती. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्या हंगामात त्याला पुन्हा उतरवले नाही. कोट्यवधी रुपये बाकावर बसून राहिले. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाला, आणि जवळपास वर्षभराने, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तो भारताचा कर्णधार होता. सुवर्णपदक आले. त्यानंतरच्या लिलावात त्याची किंमत आधीपेक्षा वाढली. सव्वादोन कोटींचा गडी वर्षभर बसवता येतो, मग पंचवीस हजारांच्या चषकासाठी खेळणारा का बसवता येत नाही, असे मी आमच्या एका पदाधिकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "डॉक्टर, त्याच्याकडे बसायला पैसे आहेत." उत्तर खोटे नाही. पण मग ते पैसे उभे करणे हेच मंडळाचे काम आहे.

किती दिवस बसवावे, याचे उत्तर आता सांगतो. साधा मुरगळा असेल तर दोन ते सहा आठवडे. दोरी तुटून शस्त्रक्रिया झाली असेल तर सामना खेळण्यापूर्वी किमान नऊ महिने. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. कॅलेंडर पाहून मात्र सोडू नये. घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात. गुडघ्याच्या वाटीच्या वर चार बोटे अंतरावर शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. लागलेल्या पायाची मांडी बारीक दिसत असेल तर स्नायू अजून भरलेला नाही. दुसरी गोष्ट एका पायावर उडीची. चांगल्या पायावर मुलगा जितकी लांब उडी मारतो, त्याच्या नव्वद टक्के तरी लागलेल्या पायावर यायला हवी, आणि उतरताना गुडघा आत वळता कामा नये. मात्र ही उडी व्यायामतज्ज्ञाने परवानगी दिल्यानंतरच मारायची. लेख वाचून उद्या सकाळी नव्हे.

लागल्याबरोबर काय करावे तेही थोडक्यात. खेळ थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दर दोन-तीन तासांनी. क्रेप पट्टी फार आवळू नका, पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन दिवस शेक नाही, तेल नाही, मालीश नाही. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन गुडघा ओढून घेण्याचा प्रकार आपल्याकडे अजून आहे. आपल्या आजोबांचा हात त्याने बसवला असेल, पण कृपा करून मुलाचा गुडघा त्याच्या हाती देऊ नका.

गुडघ्याबद्दल एवढे लिहिले, पण डोक्याला लागणे त्याहून गंभीर आहे आणि ते दिसत नाही. चढाईपटू परतताना पडतो, त्याचे डोके कोणाच्या तरी गुडघ्यावर आपटते, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी मारले, उठवले, टाळ्या झाल्या, पुढची चढाई सुरू. हे बंद झाले पाहिजे. डोक्याला मार लागून मुलगा गोंधळला, आता कितवी चढाई चालू आहे ते त्याला सांगता येईना, चक्कर आली, तर त्या दिवशी पुन्हा मैदान नाही. बरे वाटले तरी नाही. चोवीस तास घरचे कोणीतरी जवळ हवे. उलटी, वाढती डोकेदुखी, अति झोप, बोलण्यात अडखळणे यांपैकी काही दिसले तर रात्र असो वा पाऊस, थेट रुग्णालय. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या मेंदूला तो जिवावरचा ठरू शकतो. अमेरिकेतल्या त्या खेळात हेल्मेट असते, तरीही डेमेरियस थॉमस नावाचा नामवंत वाईड रिसीव्हर डिसेंबर २०२१ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी गेला, आणि बोस्टन विद्यापीठात त्याचा मेंदू तपासल्यावर वारंवार बसणाऱ्या माराने होणारा झिजेचा आजार सापडला. आपला खेळ तितका आदळआपटीचा नाही हे मान्य. पण आपल्याकडे हेल्मेटही नाही आणि मोजदादही नाही.

वजनाबद्दलही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. पुरुष गटाची वजनमर्यादा ८५ किलो आहे, लहान गटांच्या मर्यादा त्याखाली. चाचणीच्या आदल्या दिवशी तीन-चार किलो उतरवायला मुले पाणी बंद करतात, उन्हात रेनकोट घालून पळतात, आणि कोणीतरी लघवीच्या गोळ्या आणून देतो. मी हे अतिशय गंभीरपणे लिहितो आहे. या गोळ्यांनी रक्तातले क्षार उतरतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मूत्रपिंड दुखावते. शिवाय त्या उत्तेजकविरोधी यादीत बंदी घातलेल्या आहेत, म्हणजे पकडला गेला तर कारकीर्द तिथेच संपते. पाण्याविना सुकलेला, थकलेला स्नायू गुडघ्याला सांभाळत नाही, हे वेगळेच. वजन उतरवायचे तर दोन महिने आधीपासून, भात आणि तळण कमी करून.

मुलींच्या पालकांसाठी एक खास सूचना. उडी आणि वळणाच्या खेळांत मुलींची ही दोरी मुलांच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळा तुटते. शरीराची ठेवण आणि उतरण्याची पद्धत ही त्याची काही कारणे. म्हणून मुलींना खेळू देऊ नये असे नाही. आपल्या अभिलाषा म्हात्रेने २०१२ चा विश्वचषक आणि २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघांतून खेळून २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळवला, हे परळ-लालबागच्या प्रत्येक पोरीला पाठ आहे. मुलींना उतरायला शिकवावे लागते, इतकेच. परळच्या एका मुलीला दोन-तीन वर्षांपूर्वी दुखापत झाली. आई पोळीभाजी केंद्र चालवते. तिने मला विचारले, "डॉक्टर, घाई केली तर काय होईल ते सांगा, बाकीचं मी पाहते." मंडळाचे लोक दोनदा घरी येऊन गेले. बाईंनी दोन्ही वेळा चहा दिला आणि मुलीला आतल्या खोलीतून बाहेर येऊ दिले नाही. अकरा महिने लागले. मुलगी आज खेळते आहे.

उतरायला शिकवणे म्हणजे काय, तर सरावाआधी वीस मिनिटे. हलके धावणे, एका पायावर तोल, बैठका, मांडीमागच्या स्नायूचे व्यायाम, उडी मारून दोन्ही गुडघे वाकवून अलगद टेकणे. फुटबॉलवाल्यांनी 'इलेव्हन प्लस' नावाचा असाच क्रम बसवला आहे आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती कमी होतात, हे सिद्ध झाले आहे. याला साहित्य लागत नाही, पैसाही लागत नाही. आपल्याकडे मात्र मुले दोन बैठका मारतात, मैदानाची माती कपाळाला लावतात आणि चढाईला निघतात.

पैसा लागतो तो पुढे. स्पर्धेत उत्कृष्ट चढाईपटूला मोटारसायकल देणारी मंडळे आता गावोगावी झाली आहेत. रोषणाई असते, नेत्यांचे फ्लेक्स असतात. त्यातले दोन फ्लेक्स कमी करावेत आणि सामन्याला एक भौतिकोपचारतज्ज्ञ बसवावा. ज्याला मी फिजिओथेरपिस्ट म्हणतो तो, स्प्रे मारणारा कार्यकर्ता नव्हे. खेळाडूंचा सामूहिक अपघात विमा काढावा. आणि नोंदणीच्या कागदावर एक ओळ छापावी, की जायबंदी झालेला खेळाडू डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय पुन्हा उतरवला जाणार नाही. अशी ओळ असली की मुलाला स्वतःहून नाही म्हणावे लागत नाही, आणि पदाधिकाऱ्यालाही गल्लीत तोंड दाखवायला जागा राहते.

मे महिन्यात आपल्याकडे गावोगावी स्पर्धा भरतात. मुंबईची मुले मॅटवर सराव करून येतात आणि इथे जांभ्याच्या कडक जमिनीवर अनवाणी उतरतात. मैदान आठ दिवस आधी खणून घ्यावे, खडे वेचावेत, बारीक माती पसरून दोन-तीन वेळा पाणी मारावे. आदल्या रात्री टँकर ओतून चिखल करू नये. वर निसरडे आणि खाली दगड असले मैदान गुडघ्याला सर्वांत वाईट.